रोज ठरावीक वेळी मंदावणारा कॉम्प्युटर: कारण शोधायचं कसं

कायम स्लो असलेल्या कॉम्प्युटरचं निदान तसं सोपं असतं. रॅम अपुरी असते किंवा डिस्क जुनी झालेली असते, आणि केव्हाही पाहिलं तरी ते दिसतं. जीव खातो तो येऊन-जाऊन असणारा त्रास. सुरू केल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं एकही खिडकी धड उघडत नाही, मग सगळं सुरळीत. किंवा सकाळी छान चालतो आणि संध्याकाळपर्यंत प्रत्येक क्लिकला दोन-तीन सेकंद लागायला लागतात. रीस्टार्ट केलं की बरं वाटतं, चार दिवसांनी पुन्हा तेच. मग लोक एखादा 'क्लीनर' टाकतात, रजिस्ट्री साफ करतात, शेवटी वैतागून विंडोज नव्याने टाकतात. यातल्या कशानेही कारण कळत नाही, आणि कारण न कळता केलेला उपाय फार दिवस टिकत नाही.

पुढचं सगळं विंडोज १० आणि ११ साठी आहे; मॅक आणि लिनक्सबद्दल शेवटी थोडक्यात लिहिलं आहे. वेगळं काही डाउनलोड करायची गरज नाही, साधनं सिस्टीममध्येच असतात.

टास्क मॅनेजर उघडला की आपली नजर आधी 'सगळ्यात जास्त कोण खातंय' हे शोधते. त्या प्रश्नाने बऱ्याचदा दिशाभूल होते. कॉम्प्युटर स्लो झाला म्हणजे तुमचं काम कुठल्यातरी रांगेत उभं आहे: सीपीयूच्या, डिस्कच्या, मेमरीच्या, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या उत्तराच्या. सीपीयूचा वापर ८० टक्के असूनही रांग नसेल तर काम झकास चालतं. उलट वापर १२ टक्केच दिसत असतानाही तुमचा प्रोग्रॅम पुरता अडकलेला असू शकतो. तेव्हा शोधायची ती रांग.

त्रास सुरू असताना काय पाहायचं

टास्क मॅनेजर आधीच उघडून खाली मिनिमाइझ करून ठेवा, कारण कॉम्प्युटर अडकल्यावर तो उघडायलाच वेळ लागतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की तो थेट येतो. त्यातला 'परफॉर्मन्स' टॅब महत्त्वाचा.

सीपीयूच्या पानावर दिसणारा एकूण टक्का सगळ्या कोअरची (प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या भागांची) मिळून सरासरी असतो. तुमच्याकडे ८ लॉजिकल प्रोसेसर असतील आणि एखादा प्रोग्रॅम एकाच थ्रेडवर (कामाच्या एकाच धाग्यावर) काम करत असेल, तर तो थ्रेड पूर्ण भरला तरी आकडा १२.५ टक्क्यांच्या आसपास राहतो. १६ असतील तर सव्वासहा टक्के. म्हणजे सीपीयू रिकामा दिसतो आणि प्रोग्रॅम मात्र रेंगाळतो. आलेखावर राइट-क्लिक करून 'चेंज ग्राफ टू' मधून 'लॉजिकल प्रोसेसर्स' निवडा. एक चौकट सतत वर चिकटलेली आणि बाकीच्या शांत दिसल्या तर तुम्हाला हेच सापडलं आहे. विंडोज असा थ्रेड एका कोअरवरून दुसऱ्यावर हलवत राहतं, त्यामुळे कधीकधी तो शिखर एका चौकटीतून दुसरीत सरकताना दिसतो.

त्याच पानावर 'स्पीड' आणि 'बेस स्पीड' (प्रोसेसरचा ठरलेला मूळ वेग) असे दोन आकडे असतात, आणि त्यांच्याकडे फार कमी लोक बघतात. काम जोरात चालू असताना स्पीड बेसपेक्षा वर जायला हवा. काम जोरात चालू आणि स्पीड मात्र बेसच्या निम्म्याखाली, असं दिसलं तर प्रोसेसरला कुणीतरी रोखून धरलंय. बहुतेक वेळा उष्णता हे कारण असतं: पंख्यात धूळ बसलेली, हवेची वाट अडलेली. लॅपटॉपमध्ये कमी वॅटचा चार्जर, किंवा लॅपटॉपला ओळखू न येणारा चार्जर, हेही अगदी नेहमीचं कारण आहे. सीपीयूचं तापमान टास्क मॅनेजर दाखवत नाही, पण हा आकडा बरंच सांगून जातो. खात्रीसाठी इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजमधल्या घडामोडींची नोंदवही) उघडा, 'विंडोज लॉग्ज' मधल्या 'सिस्टीम' मध्ये जा आणि 'कर्नल-प्रोसेसर-पॉवर' या स्रोताची ३७ क्रमांकाची नोंद शोधा. फर्मवेअर (मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) प्रोसेसरचा वेग मर्यादित करत आहे, असं त्या नोंदीत स्पष्ट लिहिलेलं असतं. 'दुपारनंतर स्लो होतो' आणि 'मांडीवर घेतला की स्लो होतो' या तक्रारींची उकल अनेकदा इथेच होते.

प्रोसेसच्या यादीत 'सिस्टीम इंटरप्ट्स' ही ओळ एरवी शून्याच्या आसपास असते. ती सतत ५-१० टक्क्यांवर राहिली तर दोष प्रोग्रॅममध्ये नाही. एखादं उपकरण किंवा त्याचा ड्रायव्हर (ते चालवणारं सॉफ्टवेअर) सीपीयूला सारखा हाका मारतोय. बाहेरून जोडलेली उपकरणं एकेक करून काढा आणि आकडा कधी खाली येतो ते बघा. 'सिस्टीम आयडल प्रोसेस' ९५ टक्के दिसली तर घाबरू नका, ती रिकाम्या वेळेची मोजणी आहे.

डिस्क १०० टक्के

सगळ्यात जास्त गैरसमज या आकड्याबद्दल आहेत, म्हणून इथे जरा थांबू.

टास्क मॅनेजरमधला डिस्कचा टक्का म्हणजे डिस्क किती भरली हे नाही, आणि तिच्या कमाल वेगाच्या किती टक्के वेगाने चालते हेही नाही. ठरावीक काळातला किती वेळ डिस्क कामात होती, एवढंच तो सांगतो. म्हणून १०० टक्के दिसत असताना वाचन-लेखनाचा वेग सेकंदाला अर्धा एमबीसुद्धा नाही, असं दृश्य दिसतं आणि लोक चक्रावतात.

फिरत्या हार्ड डिस्कसाठी हे अगदी स्वाभाविक आहे. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची. हवी ती जागा डिस्क वाचणाऱ्या डोक्याखाली (हेडखाली) येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४ मिलिसेकंदांहून थोडं जास्त. डोकं योग्य मार्गावर सरकायला आणखी ८-९ मिलिसेकंद. म्हणजे एका विखुरलेल्या वाचनाला सुमारे १३ मिलिसेकंद लागतात आणि सेकंदाला अशी जेमतेम ७०-८० वाचनं होतात. प्रत्येक वाचन ४ केबीचं असेल तर सेकंदाला ३०० केबीच्या आसपास माल हाती येतो, आणि डिस्क मात्र पूर्णवेळ राबत असते. तीच डिस्क एखादी मोठी फाइल सलग वाचताना सेकंदाला १०० एमबीच्या पुढे जाते. विंडोज सुरू होताना, अपडेट बसताना, शोधाची अनुक्रमणिका तयार होताना हजारो बारीक फाइलींना हात लागतो. म्हणून हार्ड डिस्कवर पहिली वीस मिनिटं कठीण जातात. विंडोज एसएसडीवर (फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर) हलवण्याइतका गुणकारी उपाय यावर दुसरा नाही, हे मी ठामपणे सांगेन. रॅम वाढवायचा विचार त्यानंतर करा.

टक्क्यापेक्षा त्याच पानावरचा 'ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम' (एका मागणीला उत्तर द्यायला डिस्कला लागणारा सरासरी वेळ) पाहा. एसएसडीवर तो एक-दोन मिलिसेकंदांत किंवा त्याहून कमी असायला हवा, हार्ड डिस्कवर १०-२० पर्यंत ठीक. शेकड्यांत गेला तर रांग लागली आहे. आता रिसोर्स मॉनिटर उघडा (स्टार्ट मेनूत त्याचं नाव शोधलं की येतो) आणि 'डिस्क' टॅबवर जा. 'डिस्क ॲक्टिव्हिटी' या तक्त्यात कोणती प्रोसेस कोणत्या फाइलवर काम करतेय, तिला किती मिलिसेकंद लागताहेत आणि तिचा प्राधान्यक्रम काय, हे ओळीने दिसतं. प्राधान्याच्या रकान्यात 'बॅकग्राउंड' लिहिलेल्या कामांनी सहसा तुमची अडवणूक होत नाही, ती मागे थांबतात. 'नॉर्मल' प्राधान्याने सतत वाचत बसलेली प्रोसेस शोधा. खालच्या 'स्टोरेज' भागात प्रत्येक डिस्कच्या रांगेची लांबीही मिळते.

इथे एक खूण नीट लक्षात ठेवा. ॲक्टिव्ह टाइम (वरचा डिस्कचा टक्का) १००, वेग जवळजवळ शून्य, रांगेत फारसं काही नाही आणि रिस्पॉन्स टाइम हजारो मिलिसेकंद, शिवाय सगळा कॉम्प्युटर काही सेकंद गोठतो आणि मग एकदम चालू लागतो: हे डिस्क किंवा तिची जोडणी बिघडत असल्याचं लक्षण आहे. खराब झालेला भाग डिस्क पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते आणि तोवर बाकीचे सगळे खोळंबतात. इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टीम लॉगमध्ये 'डिस्क' या स्रोताच्या ७ (खराब ब्लॉक), ५१ (पेजिंग करताना चूक) किंवा १५३ (काम पुन्हा करावं लागलं) क्रमांकाच्या नोंदी, किंवा स्टोरेज ड्रायव्हरची १२९ क्रमांकाची 'रीसेट' नोंद गोठण्याच्या वेळेशी जुळते का बघा. जुळली तर निदान तिथेच थांबवा आणि महत्त्वाच्या फाइलींची प्रत आधी दुसरीकडे काढा. डिस्क तपासणीचे प्रोग्रॅम चालवायची घाई करू नका, कारण त्या तपासणीत आजारी डिस्कला पूर्ण वाचावं लागतं आणि उरलेली ताकदही त्यातच जाऊ शकते. प्रत हातात आल्यावर आधी केबल बदलून पाहा, मग डिस्क.

मेमरी: 'फ्री' कडे बघू नका

रिसोर्स मॉनिटरच्या 'मेमरी' टॅबमधल्या पट्टीत 'फ्री' हा भाग अगदी बारीक दिसतो आणि मन धास्तावतं. त्याच्या शेजारचा 'स्टँडबाय' भाग म्हणजे पूर्वी वाचलेल्या फाइली, पुन्हा लागल्या तर हाताशी असाव्यात म्हणून ठेवलेल्या. गरज पडली की ती जागा लगेच मोकळी करून दिली जाते, म्हणून ती उपलब्धच धरायची. 'रॅम मोकळी करणारे' प्रोग्रॅम नेमका हाच साठा उधळून लावतात आणि पुढची प्रत्येक गोष्ट डिस्कवरून नव्याने आणायला लावतात. ते वापरू नका.

खरे कामाचे आकडे दोन. पहिला 'हार्ड फॉल्ट्स' प्रतिसेकंद. नाव भीतिदायक असलं तरी त्याचा अर्थ एवढाच, की हवं असलेलं पान (मेमरीचा छोटा तुकडा) रॅममध्ये नव्हतं आणि डिस्कवरून आणावं लागलं. प्रोग्रॅम उघडताना हा आकडा उसळतो, ते ठीकच आहे. तुम्ही नुसते टाइप करत असतानाही तो सतत शेकड्यांत असेल तर रॅम खरोखर अपुरी पडतेय. दुसरा आकडा टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावरचा 'कमिटेड'. तिथे १४/१८ जीबी असं काहीतरी दिसतं. डावीकडचा आकडा म्हणजे प्रोग्रॅमना कबूल केलेली मेमरी, उजवीकडचा म्हणजे रॅम आणि पेजफाइल (रॅमला पूरक म्हणून विंडोज डिस्कवर ठेवतं ती फाइल) मिळून असलेली मर्यादा. डावा उजव्याला भिडायला लागला की प्रोग्रॅम आपोआप बंद पडू लागतात आणि सिस्टीम लॉगमध्ये २००४ क्रमांकाची नोंद येते. मेमरी कमी पडली तेव्हा सर्वात जास्त वापर कोणत्या प्रोसेसचा होता, त्यांची नावंही त्या नोंदीत असतात.

आता 'रीस्टार्ट केलं की बरं, चार दिवसांनी तेच' या तक्रारीकडे येऊ. हे मेमरी गळतीचं ठसठशीत लक्षण आहे: एखादा प्रोग्रॅम किंवा ड्रायव्हर मेमरी घेत जातो आणि परत करत नाही. यावर अनेक जण सांगतात, 'पण मी रोज रात्री बंद करतो!' विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावर कॉम्प्युटर पूर्ण बंद होत नाही. तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर यांची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच उचलली जाते. म्हणजे ड्रायव्हरमधली गळतीही जशीच्या तशी परत येते. 'रीस्टार्ट' मात्र सगळं नव्याने सुरू करतो. पडताळायला सीपीयूच्या पानावरचा 'अप टाइम' बघा. रोज बंद करूनही तिथे बारा-पंधरा दिवस दिसले तर कोडं सुटलं.

गळती कुणाची हे ओळखायला 'डिटेल्स' टॅबमध्ये रकान्यांच्या शीर्षकावर राइट-क्लिक करून 'कमिट साइझ' (कबूल केलेली मेमरी) आणि 'हँडल्स' (प्रोसेसने उघडून ठेवलेल्या गोष्टींची संख्या) हे रकाने जोडा. एखाद्या प्रोसेसचे आकडे दिवसभर फक्त चढत असतील तर गुन्हेगार मिळाला. सगळ्या प्रोसेसची बेरीज मात्र एकूण वापराच्या जवळपासही जात नसेल, तर मेमरीच्या पानावर 'नॉन-पेज्ड पूल' (विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर यांची कायम रॅममध्येच राहणारी मेमरी) किती आहे ते पाहा. सुरू केल्यावर काही शे एमबी असलेला हा आकडा काही दिवसांत दोन-तीन जीबीवर गेला तर गळती ड्रायव्हरमध्ये आहे. नेटवर्क कार्ड, व्हीपीएन आणि अँटीव्हायरसचे ड्रायव्हर आधी तपासा.

त्रास हातात सापडतच नसेल तर

बऱ्याचदा आपण बघायला जातो आणि सगळं शांत होतं. यात चमत्कार नाही. विंडोजची देखभालीची बरीचशी कामं कॉम्प्युटर रिकामा असताना सुरू व्हावीत आणि माणूस परतला की थांबावीत अशीच बांधलेली आहेत. अशा वेळी डोळ्यांऐवजी नोंद ठेवायची, आणि त्यासाठी परफॉर्मन्स मॉनिटर आहे. माझ्या मते परत परत येणाऱ्या त्रासासाठी याच्या तोडीचं साधन विंडोजमध्ये दुसरं नाही, आणि सगळ्यात कमी वापरलं जातं तेही हेच.

'डेटा कलेक्टर सेट्स' मधल्या 'यूजर डिफाइन्ड' वर राइट-क्लिक करून नवा सेट करा, 'क्रिएट मॅन्युअली' निवडा, मग 'परफॉर्मन्स काउंटर'. उपलब्ध मेमरी एमबीमध्ये, कमिटेड बाइट्सचा टक्का, नॉन-पेज्ड पूल, 'फिजिकल डिस्क' खालचे वाचन आणि लेखन यांचे सरासरी सेकंद, 'सिस्टीम' खालची प्रोसेसर रांगेची लांबी, 'प्रोसेसर इन्फर्मेशन' खालचा 'प्रोसेसर परफॉर्मन्स' चा टक्का, आणि सगळ्या प्रोसेसचे 'प्रायव्हेट बाइट्स' एवढे काउंटर पुरतात. दर १५ सेकंदांनी नोंद, ही मूळ सेटिंग तशीच ठेवा. डिस्कचे आकडे सेकंदांत येतात हे विसरू नका: ०.०१५ म्हणजे १५ मिलिसेकंद. सेट सुरू करून नेहमीचं काम करा. रीस्टार्ट केलं तर तो पुन्हा सुरू करावा लागतो.

कॉम्प्युटर अडकला की घड्याळ बघून वेळ तेवढी कागदावर लिहा. नंतर आलेख उघडून त्या वेळेच्या आधीची पाच मिनिटं पाहा. डिस्कचे सेकंद आधी चढले आणि मेमरी होती तेवढीच राहिली, की उपलब्ध मेमरी आधी घसरली आणि मग डिस्क पळायला लागली? दुसऱ्या प्रकारात डिस्क निर्दोष असते. रॅम अपुरी पडल्यामुळे पेजफाइलचा भार तिच्यावर आलेला असतो. एका क्षणाच्या टास्क मॅनेजरमध्ये दोन्ही प्रकार सारखेच दिसतात, दोन्हीकडे 'डिस्क १०० टक्के'. क्रम कळतो तो नोंदीतूनच. 'प्रोसेसर परफॉर्मन्स' त्या वेळी १०० च्या बराच खाली आला असेल आणि सीपीयूवर भारही असेल, तर वर सांगितलेली उष्णतेची गोष्ट.

त्रास रोज एकाच वेळी होत असेल तर त्या वेळेला टास्क शेड्यूलरमध्ये काय लावलेलं आहे ते 'लास्ट रन टाइम' च्या रकान्यात शोधा. अँटीव्हायरसचं पूर्ण स्कॅन, बॅकअप, क्लाउडशी फाइली जुळवणारे प्रोग्रॅम हे नेहमीचे उमेदवार. स्कॅन बंद करू नका, त्याची वेळ बदला.

सुरू व्हायलाच वेळ लागत असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज', मग 'मायक्रोसॉफ्ट', 'विंडोज', 'डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स' आणि 'ऑपरेशनल' इथपर्यंत जा. १०० क्रमांकाच्या नोंदीत सुरू व्हायला लागलेला वेळ मिलिसेकंदांत असतो. १०१ मध्ये उशीर करणारा प्रोग्रॅम, १०२ मध्ये ड्रायव्हर, १०३ मध्ये सर्व्हिस, अगदी नावानिशी. जुन्या तारखांच्या नोंदीही असतात, त्यामुळे वेळ कधीपासून वाढला ते कळतं. ती तारीख रिलायबिलिटी मॉनिटरमध्ये पाहिली की त्या दिवशी कोणतं अपडेट किंवा सॉफ्टवेअर बसलं तेही समोर येतं.

सीपीयू, मेमरी, डिस्क, नेटवर्क: चारही आलेख शांत, तरी प्रोग्रॅम गोठलेला

मग तो कुणाच्या तरी उत्तराची वाट बघतोय. टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स' टॅबमध्ये त्या प्रोसेसवर राइट-क्लिक करून 'ॲनालाइझ वेट चेन' निवडा. ती कोणत्या प्रोसेससाठी थांबली आहे हे त्या साखळीत दिसतं. फाइल उघडण्याची चौकट यायला अर्धा मिनिट लागत असेल तर आता अस्तित्वात नसलेला नेटवर्क ड्राइव्ह आणि बंद पडलेला नेटवर्क प्रिंटर या दोन जागा आधी बघा.

मॅक आणि लिनक्स

मॅकवर ॲक्टिव्हिटी मॉनिटरच्या मेमरी टॅबमधला 'मेमरी प्रेशर' आलेख पुरेसा बोलका आहे: हिरवा असेपर्यंत रॅमची चिंता नको, लाल झाला की आहे. 'कर्नल टास्क' सीपीयू खाताना दिसली तर ती बंद करण्याच्या मागे लागू नका. मॅक तापल्यावर प्रोसेसरवरचा भार कमी करण्याचा तो त्याचा मार्ग आहे, उष्णतेचं कारण शोधा.

लिनक्सवर 'टॉप' या कमांडमधली लोड ॲव्हरेज (चालू आणि रांगेतल्या कामांची सरासरी संख्या) वाचताना त्यात डिस्कसाठी अडकलेल्या प्रोसेसही मोजल्या जातात हे ध्यानात घ्या. लोड जास्त आणि सीपीयू रिकामा असेल तर 'डब्ल्यूए' चा (डिस्कची वाट बघण्यात गेलेल्या वेळेचा) टक्का बघा. 'व्हीएमस्टॅट' या कमांडमधले 'एसआय' आणि 'एसओ' सतत शून्याच्या वर असतील तर स्वॅप (रॅम आणि डिस्क यांच्यात मेमरीची ने-आण) चालू आहे. कर्नल ४.२० पासून 'प्रोक' खालच्या 'प्रेशर' फोल्डरमध्ये सीपीयू, मेमरी आणि डिस्क यांच्यासाठी कामं किती टक्के वेळ खोळंबली याचे आकडे थेट मिळतात (लिनक्सच्या काही आवृत्त्यांमध्ये ही सोय आधी चालू करावी लागते); शोधायची ती रांग तिथे सरळ मोजून ठेवलेली असते.

उपाय करताना एका वेळी एकच बदल करा आणि तोच कलेक्टर सेट तेवढाच वेळ पुन्हा चालवा. तरीही उलगडा झाला नाही आणि जाणकाराची मदत घ्यावी लागली, तर 'कॉम्प्युटर स्लो आहे' एवढंच सांगू नका. त्रासाच्या वेळचे आणि बरं चालत असतानाचे डिस्कचे मिलिसेकंद, कमिटेडचे दोन आकडे, सीपीयूचा स्पीड, अप टाइम आणि त्या वेळच्या इव्हेंट नोंदींचे क्रमांक द्या. एवढ्यावर समोरचा माणूस पहिल्याच उत्तरात नेमकं बोलू शकतो.